विहिरीवरचा उंबर

गावी फोन केला की आमच्या वहिनींचे पहिले वाक्य ठरलेले असते. “काय भाऊजी, उंबराचं फूल झालात की!” मी हसतो, काहीतरी सबब सांगतो आणि दिवाळीला नक्की येतो म्हणतो. अशा कितीतरी दिवाळ्या गेल्या. यंदा वैशाखात मात्र फोन तिकडून आला, आणि तोही आण्णांचा. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. पलीकडच्या शिवारातल्या माणसाला हाक मारावी तसे ते फोनवर बोलतात. म्हणाले, “विहिरीवरला उंबर काढायचाय. मुळ्यांनी अर्धं बांधकाम ढकललंय. गावातलं कुणी त्याला कुऱ्हाड लावायला तयार नाही, पण बाहेरचा एक लाकूडवाला भेटलाय. विहीर सामायिकातली. तू हो म्हणल्याबिगर मी हात लावणार नाही. येऊन जा.”

फोन ठेवला आणि ‘बघू’ म्हणून वर्तमानपत्र उघडले. पण चहा घेताना सौ.ने विचारले, “काय झालं? चहात साखर नाही, आणि तुम्ही अजून काही बोलला नाहीत!”

तेव्हा जायचे ठरले. आता आमच्या घरात कुठे जायचे ठरले की त्याला फाटे फुटायला वेळ लागत नाही. सौ.ला कित्येक वर्षे भंडारदऱ्याचे काजवे पाहायचे होते. चिरंजीवांना चार दिवस रजा होती. सूनबाई महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतात, त्यांना झाड दिसले की मोटार थांबवावीशी वाटते. तेव्हा मेच्या अखेरीस आधी भंडारदरा, मग नगर, मग आमचे गाव अशी योजना झाली. उंबर बिचारा इतकी वर्षे उभा आहे, तो आणखी दोन दिवस थांबेल, असे सौ. म्हणाली.

मला एक कबुली दिली पाहिजे. मी स्वतःला नगरचा म्हणवतो, पण माझे नगर म्हणजे करंजी घाटापलीकडचे, पाथर्डीकडचे, दगडधोंड्यांचे आणि बाभळींचे नगर. दसरा झाला की जिथली निम्मी माणसे ऊस तोडायला परमुलखात जातात ते. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले, कारण अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चोंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. नाव बदलले तरी आण्णा ‘नगरला जाऊन येतो’ असेच म्हणतात, आणि माझ्याही तोंडी तेच बसले आहे. या एवढ्या मोठ्या जिल्ह्याच्या पश्चिमेच्या टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत, अकोले तालुका. तिथल्या घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात. आमच्याकडे वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तर माणसे एकमेकांना पेढे द्यायची बाकी राहतात. घाटघरला तेवढा पाऊस आषाढातल्या एका आठवड्यात पडून जातो. एकाच कलेक्टरच्या हाताखाली ही दोन राज्ये! मी त्यातले दुसरे वयाच्या साठीनंतर पाहायला निघालो होतो.

संगमनेर सोडून अकोल्याच्या रस्त्याला लागलो तशी हवा बदलली. राजूरच्या पुढे रस्त्याच्या कडेला बायका आणि पोरे करवंदे, जांभळे घेऊन बसलेली. पळसाच्या पानांचे द्रोण, त्यांत काळीभोर करवंदे. दर दोन मैलांवर आम्ही थांबलो आणि दर वेळी सौ. ‘आता पुरे’ म्हणाली. पुढच्या वळणावर मात्र तीच म्हणायची, “ती बघा, त्या म्हातारीकडची जास्त टपोरी दिसताहेत.” आंबा, फणस, करवंद, जांभूळ, अगदी बोरेसुद्धा विकायला बसलेली माणसे मी पाहिली आहेत. उंबरे विकायला बसलेले कोणी आजवर पाहिले नाही. भाव नसलेले असे फळ दुसरे नसेल.

काजव्यांविषयी मी फार लिहीत नाही, कारण त्या रात्री भंडारदऱ्याला काजव्यांइतक्याच मोटारी होत्या आणि त्यांचे दिवे काजव्यांपेक्षा मोठे होते. पण मोटारींच्या रांगेपासून दूर, ओढ्याच्या काठाने दहा मिनिटे चालत गेलो तेव्हा एक झाड असे काही उजळत-विझत होते की सूनबाईंनीसुद्धा त्याचे शास्त्रीय नाव सांगितले नाही. सौ. कितीतरी वेळ गप्प उभी होती. तेवढ्यासाठी यावे. धरणही दुसऱ्या दिवशी पाहिले. प्रवरेवरचे हे दगडी धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. मेच्या अखेरीस पाणी खाली गेलेले असते, काठाची तांबडी माती उघडी पडलेली असते. तरी पाथर्डीच्या माणसाला ते पाणी पाहून जरा धडकीच भरते. एवढे पाणी आपल्या जिल्ह्यात होते आणि आपण लहानपणी एका कळशीत अंघोळ उरकत होतो!

तिथून रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराचे मंदिर शिलाहारकालीन म्हणून सांगतात. काळ्या दगडावरचे कोरीवकाम असे की हात लावल्यावाचून राहवत नाही, आणि शेजारी चौकोनी, पायऱ्यांची, कोनाड्यांची पुष्करणी. मागे रतनगड उभा. प्रवरा त्या गडावर उगम पावते. मंदिराच्या पलीकडे ओढ्याच्या काठावर एक उंबर दिसला, आणि आमच्या मंडळींचा देवदर्शनाचा कार्यक्रम तिथेच संपला.

उंबर पाहिलेला नाही असा मराठी माणूस नसेल. दत्ताच्या देवळापाशी तो असतोच. पण फळांनी लगडलेला, रानातला उंबर आपण क्वचित पाहतो. बाकीची झाडे फळे धरतात ती फांद्यांच्या टोकांना, पानाआड, लाजत-मुरडत. याची फळे थेट खोडाला! मुळापासून हात-दोन हात उंचीवर जे घोस सुरू होतात ते वर जाड फांद्यांपर्यंत. हिरवी, पिवळी, केशरी, लाल, सगळी एकाच वेळी. खाली सडा पडलेला, त्यात मुंग्या, माशा, शेळ्या. वर हरोळ्या आणि तांबट, त्यांचा गोंगाट आणि अधूनमधून डोक्यावर पडणारा प्रसाद. झाडाला म्हणायचे तो उंबर आणि फळाला म्हणायचे ते उंबर. मराठीने या झाडाला आणि फळाला वेगळी नावे देण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत.

शेळ्या एका आजींच्या होत्या. त्या दगडावर बसून आमच्याकडे पाहत होत्या. सौ.ने विचारले, “आजी, हे खातात का हो?”

“खात्यात की. गोड ऱ्हातंय. खावा.”

“पण आत किडे असतात ना?”

आजी हसल्या. “किडं निघून गेल्यावर खायचं, बाई.”

त्या उठल्या, झाडापाशी गेल्या, आणि पोरीसारख्या निवडून चार फळे काढून आणली. प्रत्येकाला अंगाशी टाचणीच्या टोकाएवढे भोक होते. “हे बघा दार. ह्या दारानं केंबरं गेली. दार नसंल ते उंबर नाही घ्यायचं.” मग फळ दोन्ही अंगठ्यांनी फोडले, जोरात फुंकर मारली, तळहातावर आपटले, परत एक फुंकर, आणि सौ.च्या हातावर ठेवले. “आन् दिवे लागल्यावर नाही खायचं. दिसत नाही.”

आमच्या घरात फळे मिठाच्या पाण्यात धुऊन, पुसून, मग खातात. पण त्या हाताला नाही म्हणणे सौ.ला जमले नाही. तिने डोळे मिटून खाल्ले. मग डोळे उघडून म्हणाली, “अहो, अंजिरासारखं आहे! जरा पाणचट, पण अंजीरच.”

“अंजीरच आहे, आई,” सूनबाई म्हणाल्या. “वड, पिंपळ, उंबर, अंजीर, सगळी एका घरातली.”

आणि मग त्या ओढ्याच्या काठावर आम्हांला जे व्याख्यान मिळाले ते मी माझ्या भाषेत सांगतो. उंबराचे फूल दिसत नाही म्हणून आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. जो कधी दिसत नाही तो. वास्तविक आपण ज्याला फळ म्हणतो तीच फुलांची पिशवी. आतल्या बाजूने शेकडो बारीक फुले, तोंड आतल्या अंगाला वळवून बसलेली. पिशवीला टोकाशी एकच चिंचोळे तोंड. त्यातून केंबरू, म्हणजे चिमुकल्या गांधीलमाशीच्या जातीची मादी, आत शिरते. वाट इतकी अरुंद की शिरताना पंख गळून पडतात. म्हणजे परत यायचे नाही हे दारातच ठरले. ती आपल्याबरोबर जन्मघरच्या फुलांचे पराग आणते, आणि तेही कसे, तर छातीवर दोन खिसे असतात त्यांत भरून. आत काही फुलांत ती अंडी घालते, काहींना पराग देते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी बाहेर पडतात. त्यांना पंखच नसतात. त्यांचे काम दोनच: माद्यांशी लग्न लावायचे आणि पिशवीच्या भिंतीला भोक पाडायचे. ते पडले की नर मरतात आणि माद्या खिसे भरून उडून जातात. मग कुठे फळ गोड होते. आजी ज्याला दार म्हणत होत्या ते हे दार.

“त्या माद्या किती जगतात?” सौ.ने विचारले.

“एक-दोन दिवस. तेवढ्यात त्यांना दुसरा उंबर गाठायचा असतो, आणि तोही नेमका कच्च्या फुलांवर आलेला.”

“आणि नाही सापडला तर?”

“बहुतेकींना नाहीच सापडत.”

सूनबाईंनी असेही सांगितले की आफ्रिकेत नामिबच्या वाळवंटात उंबराच्या भावकीतले एक झाड आहे. तिथल्या केंबरांवर २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ती वाऱ्यावर स्वार होऊन एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत थेट १६० किलोमीटरपर्यंत गेलेली आढळली. तांदळाच्या कणीहून लहान जीव! ‘उंबरातला किडा’ म्हणजे ज्याने जग पाहिले नाही असा माणूस, असे आपण म्हणतो. ज्याने हा वाक्प्रचार केला त्याने फक्त नर पाहिले असावेत.

सगळे हसले. मीही हसलो. पण माझ्या हातातले उंबर मी अजून खाल्ले नव्हते, आणि हे एका माणसाच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही. परतीच्या वाटेवर, मोटार संगमनेर मागे टाकून लोणीच्या रस्त्याला लागली तेव्हा सौ. मागे न वळता म्हणाली, “तुम्ही का नाही खाल्लंत?”

त्या रस्त्याने प्रवरा सोबत असते. दोन्ही बाजूंना ऊस आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना याच टापूत आहे, तो १९५० च्या सुमारास सुरू झाला. भंडारदऱ्याला आम्ही पाहिलेले पाणी इथे उसात उभे होते. त्या हिरव्या रंगाकडे पाहत मी सांगितले, ते पूर्वी कधी घरात सांगितले नव्हते.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. त्याच्या आधीही पाऊस नीट झालेला नव्हता, आणि त्या साली तर झालाच नाही. महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे होती असे नंतर वाचले. त्यांतली दोन माणसे म्हणजे माझे आईवडील. वडील खडी फोडायला, आई तलावाच्या कामावर पाट्या उचलायला. कामावर सुकडी मिळे. रेशनवर मिलो मिळे. अमेरिकेहून आलेली ती तांबडी ज्वारी. तिची भाकरी गार झाली की कौल होई. मला वडिलांनी त्या वर्षी नगरला एका वसतिगृहात ठेवले होते. तिथे दोन वेळा जेवण मिळे, तेही त्या दिवसांत थोडेथोडके नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा मला शहराचे वारे लागलेले होते. केस मागे फिरवीत होतो आणि ‘व्हय’ला ‘हो’ म्हणत होतो.

आमच्या विहिरीत तेव्हा दिवसाकाठी चार कळश्या पाणी झिरपत असे. शिवारात हिरवे असे काही उरले नव्हते. एक विहिरीवरचा उंबर मात्र हिरवागार होता आणि खोडभर लगडला होता. आई ती उंबरे फोडून उन्हात वाळवी. उन्हाने केंबरे निघून जात, उरलीसुरली ती पाखडून काढी, आणि मग ती सुकी उंबरे मिलोबरोबर जात्यात घाली. म्हणजे पीठ वाढे. मला हे ठाऊक नव्हते. पहिल्याच दिवशी भाकरीत एक काळा ठिपका दिसला. त्याला पंख होता. मी ताटली ढकलून दिली आणि ओरडलो, “किडे खाऊ घालतेस का मला?”

भाकरी उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेली. आई काही बोलली नाही. तिने ती उचलली, पदराने पुसली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात नुसत्या मिलोची भाकरी येऊ लागली. तिच्या ताटात काय आहे हे मी पाहिले नाही. ते आण्णांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितले, तेही रागाने नव्हे, सहज, बैलांच्या गोष्टी निघाल्या असताना. आई २००९ साली गेली. मधल्या छत्तीस वर्षांत तिने हा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

मोटारीत कोणी बोलले नाही. चिरंजीवांनी गाडी जरा हळू केली एवढेच. पुढे कोल्हारला प्रवरा ओलांडली. राहुरी आली तेव्हा सूनबाई पाटीकडे पाहून म्हणाल्या, “उंबरे नावाचं गाव आहे इथं.” खरेच आहे. संगमनेर तालुक्यात उंबरीही आहे. माणसांनी गाव वसवताना आधी काय पाहिले असेल ते या नावांवरून कळते.

करंजी घाट उतरून आत वळलो आणि गावी पोचलो तो ऊन कलले होते. वहिनींनी दारातच पायावर पाणी घातले आणि नेहमीचे वाक्य म्हटले, पण आज त्यांचे लक्ष माझ्यापेक्षा आण्णांच्या चेहऱ्याकडे होते. चहा झाला आणि आम्ही विहिरीवर गेलो.

आण्णांची बाजू मी प्रामाणिकपणे सांगतो, कारण शहरातून आलेल्या माणसाला झाड वाचवण्याची हौस असते आणि विहीर पडली तर ती त्याच्या अंगणात पडत नाही. विहीर आमच्या पणजोबांची, घडीव दगडांची. उंबर कोणी लावलेला नाही. पाखराच्या विष्ठेतून बी पडले आणि दगडाच्या सांध्यात रुजले. आता त्याच्या मुळ्या मनगटाएवढ्या झाल्या आहेत आणि उत्तरेकडची भिंत पोटासारखी पुढे आली आहे. पाला आणि फळे पाण्यात पडून कुजतात. म्हणजे पाणी असते तेव्हा. यंदा माघातच विहिरीने तळ दाखवला. चहूबाजूंनी बोअर झाले आहेत, चारशे फूट, पाचशे फूट. आण्णांना विहीर खोल करायची होती आणि वर सिमेंटचे कडे बांधायचे होते.

“हिवरे बाजारला शेतीला बोअर घेऊ देत नाहीत,” आण्णा म्हणाले. “ऊसबी लावायचा नाही. पाऊस किती पडला ते मोजायचं आन् मग पीक ठरवायचं. नगरापासून काय लांब हाय का ते? पण आमच्याकडं कोण कुणाचं ऐकतंय!”

मी म्हटले, “जुन्या लोकांनी उंबर पाहूनच विहिरी खणल्या, आण्णा. वराहमिहिराने पंधराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, उंबराच्या पश्चिमेला तीन हातांवर, अडीच पुरुष खोल गेलं की गोड पाण्याची शीर लागते.”

“अडीच पुरुष म्हणजे किती?”

“अठरा-एकोणीस फूट.”

आण्णांनी विहिरीत पाहिले. ती साठ फूट होती आणि कोरडी होती. “त्याला म्हणावं, आता येऊन बघ.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. देवाधर्माचेही काढून पाहिले. हिरण्यकशिपूचे पोट फाडल्यावर नरसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळांनी शमला अशी गुरुचरित्रात कथा आहे, म्हणून उंबर तोडू नये म्हणतात. आण्णा म्हणाले, “देव म्हणायला तुझं काय जातंय? भिंत पडल्यावर मी खाली असलो तर?” त्यांचेच बरोबर होते. वहिनी मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण खोडाशी पणतीच्या काजळीचा डाग होता, तो आजकालचा नव्हता.

मी आईचे नाव काढले नाही. इतक्या लांबून तेच सांगायला आलो होतो, आणि आण्णांच्या तोंडाकडे पाहून ते काही ओठांवर येईना. त्यांनी ते सगळे डोळ्यांनी पाहिलेले होते. मी त्यांना काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला. कामाचा अंदाज द्यायला आण्णांनीच त्याला बोलावले होते. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. दोर धरून मुळ्यांवर पाय देत तो विहिरीत उतरला, तासभर भिंत ठोकून पाहिली, आणि वर येऊन बिडी पेटवली.

“आण्णा, झाड तोडाल तर मी काम घेत न्हाई.”

“का? देव म्हणून?”

“देव ऱ्हाऊ द्या बाजूला. मुळ्यांनी भिंत ढकलली हे खरं. पण आता ती धरलीया पन त्यांनीच. झाड तोडलं की दोन-तीन वर्षांत मुळ्या कुजत्याल, दगड सुटं होत्याल, आन् सगळी उत्तर बाजू एका पावसात खाली. विहिरीवर आडव्या गेल्यात त्या दोन फांद्या काढा, वजन कमी करा. फुगलेलं दगड उतरवून मुळ्या मधी ठेवून परत रचू.” मग बिडीचा झुरका घेऊन म्हणाला, “आमचा आजा विहिरीच्या बुडाला उंबराच्या लाकडाचं कडं घालायचा. पाण्यात कुजत न्हाई ते.”

आण्णांनी पुष्कळ वाद घातला. दुसरा गवंडी आणीन म्हणाले. लाकूडवाल्याला शब्द दिला आहे म्हणाले. मी दगड रचण्याचा खर्च निम्मा देतो म्हटले, त्यावर ते चिडले, “पैशाचं कुठं आलं इथं?” आणि मग थोड्या वेळाने, “निम्मा कशाला, विहीर सामायिकात हाय तर हिशेबानंच निम्मा तुझाच हाय,” असेही म्हणाले. शेवटी दोन फांद्या काढायच्या, भिंत रचायची आणि पुढच्या उन्हाळ्यात परत पाहायचे असे ठरले. पुढच्या उन्हाळ्यात मला पुन्हा जावे लागणार आहे. आण्णा मनातून पटलेले नाहीत, हे मला ठाऊक आहे.

निघायच्या वेळी वहिनींनी सौ.च्या पिशवीत कच्ची उंबरे भरली. चिंच-गूळ घालून भाजी कशी करायची, आधी उकडून पाणी का टाकायचे, हे दारात उभ्याने अर्धा तास चालले. सूनबाई वहीत लिहून घेत होत्या. मी आण्णांबरोबर विहिरीपर्यंत गेलो. त्यांनी खोडाला हात घालून दोन फळे चाचपून काढली, उलटीसुलटी करून भोक पाहिले, एक फोडले, फुंकर मारली, तळहातावर आपटले, पुन्हा फुंकर मारली, आणि अर्धे माझ्यापुढे धरले.

मी खाल्ले. बारीक बिया दातांखाली कचकचल्या. त्यांनी उरलेले अर्धे तोंडात टाकले आणि विहिरीत वाकून पाहिले.

“आवंदा गोड हायेत,” आण्णा म्हणाले. “पानी खाली कुठंतरी असंल अजून.”